गव्यांच्या वळणावरचा किस्सा

डोंगरातल्या त्या गावात त्याला सगळे माइकमास्तर म्हणत. शाळेत त्यानं एक दिवसही शिकवलं नव्हतं. सहलीच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या खुर्चीत पाहुण्यांकडे तोंड करून बसायचं आणि चढ सुरू झाल्यापासून परत गावात येईपर्यंत बोलत राहायचं, हे त्याचं काम. रस्त्याकडे पाठ असूनही कुठे काय येणार हे त्याला अंगाला कळे. गाडी डावीकडे कलली की चहाचे मळे, एंजिन घरघरलं की दरीचा कठडा, गार वारा आत आला की रानाची हद्द. वाक्यं रस्त्यालाच टांगलेली होती. तो जाता जाता एकेक काढून घेई.

घरी मात्र त्याच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार. "यांचं बोलणं डिझेलवर चालतं," असं त्याची बायको म्हणे.

या धंद्यात तो एक गोष्ट लवकर शिकला होता. गवा म्हशीपेक्षा थोराड असतो, कळपानं राहतो, गवत आणि बांबूचे कोंब खातो, असं सांगितलं की पाहुणे मान डोलावतात आणि खिडकीबाहेर बघतात. 'माझ्या सासूबाई' म्हटलं की सगळे आत बघतात. म्हणून सासूबाई बसमध्ये आल्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. बसमध्ये त्या अजून ठणठणीत होत्या आणि दर फेरीला वानरांशी भांडत होत्या. त्यांच्यामागून बायकोही आली.

बायकोचा किस्सा होता गव्यांच्या वळणावरचा. तिथे रस्त्याच्या कडेला एक बुटकं, फांद्या पसरलेलं झाड आहे. नवीन लग्न झालेलं असताना गवा समोर आला म्हणून बायको या झाडावर चढली, घाबरून वरच ओली झाली, मग मास्तर स्वतः वर चढला आणि तिला पाठुंगळी घेऊन उतरला, असा तो किस्सा. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "खाली उतरताना तिनं शपथ घातली, कुणाला म्हणून सांगायचं नाही. तेव्हा तुम्हीही कुणाला सांगू नका." इथे बस हसे. आजवर एकदाही हसायची चुकली नव्हती.

तो सांगायची एक रीतही होती. रानाच्या हद्दीत पाहुण्यांना गप्प बसवणं हे माइकवाल्याचं खरं काम. दटावून कुणी गप्प बसत नाही. आवाज अगदी खाली आणला आणि ऐकण्यासारखं काही सांगितलं, तर माणसं ऐकू यावं म्हणून आपोआप गप्प होतात. बायकोचा किस्सा मास्तर कुजबुजत सांगे. त्या शांततेत कळप रस्त्यावर आलाच तर बुजत नसे.

किस्स्यातलं झाड खरं होतं. गवा खरा होता, बायको ओली झाली तेही खरं होतं आणि शपथही खरी. मास्तर वर चढला, एवढंच खोटं. दोघं मळ्यातल्या ओळखीच्या माणसाकडे पायी निघाले होते. वळणावर एकटा नर गवा उभा दिसला आणि मास्तर पळाला. बायकोला सांगून नाही, तिचा हात धरून नाही, नुसता पळाला. ती चढली तिची तिनंच. मळ्यातली माणसं घेऊन तो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ती फांदीला मिठी मारून बसली होती. त्यानं आपला स्वेटर तिच्या कमरेला बांधला. तिनं त्याला सांगितलं, हे कुणाला बोलायचं नाही. त्यानंही तिला तेच सांगितलं. तिला आपलं ओलं होणं झाकायचं होतं, त्याला आपलं पळणं.

तिनं तिचा शब्द पाळला. आईनं विचारलं तेव्हा, "ते माणसं आणायला गेले होते," एवढंच म्हणाली. पुढे ती गावातल्या दवाखान्याच्या धुलाईघरात लागली आणि तिथली मुख्य झाली. कुठल्या वॉर्डातली कुणाची चादर कशानं भिजली हे तिला रोज कळे. तिच्या तोंडून त्यातलं अवाक्षर कधी बाहेर पडलं नाही. हाताखालच्या बायका तिला वचकून असत. मुलीचं लग्न जमवतानाही व्याह्यांकडचे लोक मास्तरशी गप्पा मारत आणि ठरवायचं ते तिच्याशी ठरवत.

बसमध्ये ती कधी बसली नव्हती. घरचं माणूस गाडीत असलं की जनावर दिसत नाही, असा एक समज मास्तरनं स्वतःच तयार करून घरात रूढ केला होता. तो इतकी वर्षं टिकला.

मोडला तो विहीणबाईंनी. लेक, जावई, व्याही आणि विहीण असे चौघं चार दिवस राहायला आले. मोसम सरत आला होता. बसमध्ये जागा होत्या आणि बसच्या मालकीणबाईंनी, "घरच्यांना घेऊन जा की," म्हणून स्वतःहून सांगितलं. मास्तरनं चौघांची सोय केली. विहीणबाईंनी बायकोकडे बघून विचारलं, "आणि विहीणबाई?"

"मी बसले की जनावर दिसत नाही म्हणे," बायको म्हणाली.

"मग नाही दिसलं तर नाही दिसलं. तुम्ही नसाल तर मीही येत नाही. यांचं दिवसभर मोबाइलवर शूटिंग बघत बसू का एकटी?"

'यांचं' म्हणजे व्याह्यांचं. ते घड्याळाच्या दुकानातून निवृत्त झालेले, गप्पिष्ट गृहस्थ. हातातला मोबाइल ते फक्त झोपताना खाली ठेवत.

मास्तरला नाही म्हणता येईना. सकाळी गाडी पुसताना त्यानं ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "आज वळणावर थांबायचं नाही. सरळ काढ."

"वहिनी येतायत म्हणून?"

"म्हणूनच."

"मग सासूबाईंनाही आज उतरव," ड्रायव्हर म्हणाला. "वहिनी ऐकतील तर म्हणतील, आई वानरांशी कधी भांडली?"

मास्तरला हसू आलं नाही. त्याला पक्कं माहीत होतं: त्या वळणावरून तोंड मिटून जायचं, बस्स. व्याह्यांच्या देखत बायकोला तिच्याच नवऱ्याच्या तोंडून ते ऐकावं लागलं, तर तिला वर बघायला जागा राहणार नव्हती, आणि त्याला घरात.

बस निघाली. पुढच्या बाकांवर एका कचेरीतले आठ-दहा सहकारी होते, आधीपासूनच खिदळत असलेले. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बायको, तिच्याशेजारी विहीण, मागे लेक-जावई, आणि व्याही मधल्या वाटेत, मोबाइल उंच धरून. बायकोनं केस नीट चापून बसवले होते आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

मास्तरनं सासूबाईंना उतरवलं होतं, त्यामुळे पहिला तास सुका गेला. पण चहाच्या मळ्याशी त्याची जीभ सैल झाली. पानं खुडणाऱ्या बायकांची बोटं कशी न बघता दोन पानं आणि एक कोंब शोधतात हे त्यानं सांगितलं, आणि आपण एकदा खुडायला गेलो तर मुकादमबाई म्हणाल्या, "झाड ठेवा, पानं न्या," हेही सांगितलं. बस हसली. बायकोही हसली. ती आपल्या बोलण्यावर अशी हसलेली त्यानं किती दिवसांत पाहिली नव्हती.

दरीच्या कठड्याशी सगळे उतरले. खाली धुकं भरलं होतं आणि पलीकडच्या उतारावर वानरांची टोळी झाडं हलवत चालली होती. बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मला इतकी वर्षं का नाही आणलंत?" ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "छान बोलता की तुम्ही. मला वाटायचं नुसतं डावीकडे बघा, उजवीकडे बघा करत असाल."

"आता येत जा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःच्या आवाजाची शरम वाटली.

रानाची हद्द लागली. गार वारा आत आला. मास्तरनं माइक मांडीवर ठेवला आणि ओठ मिटले. ड्रायव्हरनं ठरल्याप्रमाणे वेग धरला. वळण अर्धं झालं आणि ब्रेक लागला.

मास्तरनं मान वळवली. कळप रस्त्यावर होता. काळेभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे गवे एकामागून एक वरच्या उतारावरून खाली येत होते, मध्ये एक तांबूस पिल्लू. झाडाच्या बरोबर खाली नर उभा होता, बसकडे तोंड करून. इतक्या जवळ कळप येणं वर्षातून कधीतरीच घडे.

ड्रायव्हरनं एंजिन बंद केलं. क्षणभर कुणाला कळलं नाही, मग सगळी बस एका बाजूला लोटली. कचेरीवाल्यांपैकी एकानं काच सरकवून शीळ घातली. दुसरा दाराकडे निघाला, "खाली उतरून एक फोटो" म्हणत. नरानं मान खाली घातली आणि फुरफुरला. पिल्लू रस्त्याच्या मधोमध थबकलं.

"मास्तर," ड्रायव्हर ओठ न हलवता म्हणाला, "बसव त्यांना."

"बसून घ्या सगळे," मास्तर म्हणाला. कुणी बसलं नाही. "दाराला हात लावू नका." दाराशी गेलेल्यानं खिटी चाचपली. ओरडायची सोय नव्हती; ओरडणं हेच तर टाळायचं होतं. मास्तरनं माइक तोंडाशी नेला, आवाज अगदी खाली आणला आणि त्याच्या तोंडातून निघालं:

"ते झाड दिसतंय? माझी बायको त्या झाडावर बसली होती. असाच गवा खाली उभा होता."

दाराशी गेलेला वळला. शीळ घालणाऱ्यानं काच लावली. "काय म्हणाले?" असं कुणीतरी कुजबुजलं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. माणसं बसली, पुढे वाकली. व्याह्यांचा मोबाइल गव्यांवरून मास्तरकडे वळला.

मास्तर बोलत राहिला. तिसऱ्या रांगेकडे त्यानं बघितलं नाही. आवाज चढू द्यायचा नाही, थांबायचं नाही, एवढंच त्याला समोर दिसत होतं. पिल्लू रस्ता ओलांडून गेलं. त्याच्यामागून माद्या गेल्या. नर सर्वांत शेवटी, मागे बघत बघत, झुडपात शिरला. तोवर किस्सा बायकोच्या ओल्या कपड्यांपर्यंत आणि मास्तरच्या चढण्यापर्यंत आला होता.

रस्ता मोकळा झाला होता. इथे थांबता आलं असतं. कळपासाठी बोललो, असं नंतर म्हणायला जागा होती. पण शेवटचं वाक्य तयार होऊन ओठांवर आलं होतं आणि बस श्वास रोखून त्याची वाट बघत होती.

"खाली उतरताना तिनं शपथ घातली," मास्तर म्हणाला, "कुणाला म्हणून सांगायचं नाही. तेव्हा तुम्हीही कुणाला सांगू नका."

बस फुटली. कचेरीवाल्यांनी बाकं बडवली. व्याही सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि हसता हसता कोणाबद्दल हसतोय हे ध्यानात येऊन त्यांनी तोंडावर हात धरला, तरी खांदे हलतच होते. जावई खिडकीबाहेर बघू लागला. लेक बापाकडे बघत होती. विहीणबाईंनी शेजारी एकदा पाहिलं आणि नजर आपल्या चपलांकडे नेली.

बायको समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पर्सचा बंद मात्र बोटाला गुंडाळला गेला होता आणि ते बोट पांढरं पडलं होतं.

पुढच्या थांब्यावर चहा होता. मास्तर ट्रे घेऊन घरच्यांच्या टेबलाशी आला तेव्हा व्याह्यांना राहवत नव्हतं.

"विहीणबाई, खरं घडलंय का हो हे?"

"घडलं होतं तसं," बायको म्हणाली.

"पण व्याही, मानलं तुम्हाला. गवा खाली उभा आणि तुम्ही वर चढलात? मी असतो तर घरचा रस्ता धरला असता."

"तुम्ही काय, तुम्ही पालीला घाबरता," विहीण म्हणाली.

बायकोनं ट्रेमधला एक पेला उचलला. "हो," ती म्हणाली. "हे नसते तर मी आज इथे नसते."

मास्तरनं ट्रे टेबलावर ठेवला. ती टोमणा मारत नव्हती. व्याह्यांच्या देखत तिनं त्याला पुन्हा एकदा झाकलं होतं, कुणी न सांगता.

चहावाली सुटे पैसे द्यायला आली, तिनं बायकोला न्याहाळलं आणि मास्तरला खालच्या आवाजात विचारलं, "ह्याच का त्या?" आवाज हवा तेवढा खालचा नव्हता.

सगळे बसकडे निघाले तेव्हा त्यानं बायकोला गाठलं. "अगं, माणसं उठली होती. नर बिथरला असता. गप्प बसवायला काहीतरी..."

"बसली ना गप्प?" ती म्हणाली. "मग झालं."

परतीच्या वाटेवर तेच वळण. रस्ता रिकामा होता. "मास्तर, पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या," व्याह्यांनी हाक दिली. "मघाशी माझा हात हलला हो. घरी दाखवायचंय." कचेरीवाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी झाडाशी उभी केली, आणि मग चूक उमजून आरशात बघितलं.

मास्तर उठून उभा राहिला. या वेळी त्यानं तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

"मघाशी सांगितलं ते खोटं होतं," तो म्हणाला. "मी झाडावर चढलो नाही. मी पळालो."

कचेरीवाल्यांमध्ये हसू फुटलं.

"खरंच पळालो. ती मागे आहे की नाही, तेही बघितलं नाही."

हसू वाढलं. "कुठवर पळालात?" कुणीतरी विचारलं.

"मळ्याच्या फाटकापर्यंत." तो थांबला. "एक चप्पल वाटेत राहिली. ती आणायलाही परत वळलो नाही, मग बायकोला आणायला कुठून वळणार?"

हे त्याला असं म्हणायचं नव्हतं. चप्पल खरंच राहिली होती, ती खरंच त्याच्या मनाला आयुष्यभर लागून राहिली होती; पण सांगायला गेला तर ते अशा घडणीत बाहेर आलं, जिथे थांबायचं तिथे थांबून, जिथे जोर द्यायचा तिथे जोर देऊन. त्याच्या आवाजाला दुसरी सवयच नव्हती. "हसू नका, मी खरं सांगतोय," तो म्हणाला, आणि बस कधी हसली नव्हती इतकी हसली. व्याह्यांनी डोळे पुसले. शीळ घालणारा म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारखा माणूस नाही."

तो खाली बसला. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि त्याच्याकडे झुकून म्हणाला, "हा शेवट जास्त चांगलाय. उद्यापासून हाच ठेव."

घरी पोचल्यावर पाहुणे पाय मोकळे करायला गेले. लेक जाताना बापाला म्हणाली, "बाबा, आईशी बोला," आणि उत्तराची वाट न बघता निघाली. बायको आतल्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्यांवर स्वच्छ चादरी घालत होती. मास्तर दारात उभा राहिला. तिनं चादरीचं दुसरं टोक त्याच्याकडे टाकलं नाही. एरवी टाकत असे.

"मी शेवटी खरं सांगितलं," तो म्हणाला.

"ऐकलं."

"सगळ्यांना कळलं, पळपुटा मी होतो."

"कुणाला कळलं?" तिनं कोपरा गादीखाली खोचला. "आणि खऱ्यातही झाडावर मीच होते. हसायला त्यांना दोन्हीकडे मीच लागले."

तिनं दुसरा कोपराही स्वतःच खोचला.

"त्या चहावालीनं 'ह्याच का' असं का विचारलं?"

"ती ऐकून आहे. बस थांबतात तिथे, पाहुणे बोलतात."

"तिनं कधीपासून ऐकलंय?"

"मी सांगतो तेव्हापासून."

"रोज सांगता?"

"फेरी असेल तेव्हा."

ती दुसऱ्या गादीकडे वळली. चादर झटकून हवेत फुगवली आणि खाली बसवली. मग म्हणाली, "म्हणजे बाजारात, दवाखान्यात, स्टँडवर. मी ज्यांच्यासमोरून जाते ते सगळे." उशी उचलून तिनं विचारलं, "मला काही नाव आहे का त्यांच्यात? तुम्हाला आहे तसं?"

होतं. ड्रायव्हर लोक तिला झाडावरच्या वहिनी म्हणत. मास्तरला ते पूर्वीपासून ठाऊक होतं आणि आजवर त्याला त्यात कौतुकच वाटत आलं होतं. तो उंबऱ्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बरं. मला सांगू नका," आणि उशांना खोळी घालायला बसली.

पाहुणे गेले. त्यानंतर दोघांमध्ये भांडण असं काही झालं नाही. तिनं डबा दिला, त्यानं नेला. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं. फक्त दवाखान्यात जायला ती आता स्टँडवरून जात नव्हती. मागच्या चढाच्या गल्लीतून जात होती. गुडघे दुखतात म्हणून तो चढ तिनं कधीचा सोडला होता.

मोसमाच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एक होती. वळणाशी आल्यावर मास्तरनं माइकची कळ बंद केली. पाहुण्यांनी इकडेतिकडे बघितलं. "इथे काय आहे?" एका बाईंनी विचारलं.

"कधीकधी गवे येतात," तो म्हणाला. "बोलू नका, म्हणजे दिसतील."

त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. गवे दिसले नाहीत. मागून दुसऱ्या मालकाची बस आली आणि झाडाशी उभी राहिली. तिच्यावरचा माइकवाला तरुण होता, नवाच लागलेला. त्याच्या काचा उघड्या होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, कारण तो आवाज खाली ठेवून बोलत होता. मास्तरकडूनच तो शिकला होता. मग एक हसू आलं, लहान. मग शांतता. मग दुसरं, थोडं मोठं. कुठल्या हसण्याला कुठलं वाक्य आलं ते मास्तरला कळत गेलं. ड्रायव्हर लोकांच्या तोंडून फिरत फिरत चपलेचं वाक्यही त्यात आलं होतं.

ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मग त्याच्याकडे. "घेऊ पुढे?"

"घे," मास्तर म्हणाला.